खुनी कोण, हे आधी सांगा

‘गुप्त’मध्ये खून काजोल करते. ‘इत्तेफाक’मध्ये नवऱ्याच्या खुनात नंदाच सामील असते. ‘ज्वेल थीफ’मधला खरा चोर अशोक कुमार. ‘सायको’तली आई कधीच मेलेली आहे. ‘द यूज्वल सस्पेक्ट्स’मध्ये अधिकाऱ्यासमोर बसून कहाणी सांगणारा लंगडा माणूस हाच कैझर सोझे. हे सगळं मी पहिल्याच परिच्छेदात मुद्दाम लिहितो आहे आणि पुढेही असंच लिहिणार आहे. आता हे चित्रपट बघण्यात राम उरला नाही असं ज्याला वाटेल, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: जो चित्रपट एका वाक्याने संपतो, त्यात उरलेले दोन-अडीच तास होतं काय?

गुन्ह्याची गोष्ट आज शेवटावर विकली जाते. ‘शेवटची वीस मिनिटं चुकवू नका’ अशी जाहिरात होते. ‘ट्विस्ट सांगू नकोस’ अशी मित्रांना ताकीद दिली जाते. थिएटरातून बाहेर पडणारा माणूस शेजारच्याला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की तुला आधी कळलं होतं का? कळलं होतं म्हणाला तर चित्रपट बेकार, नव्हतं म्हणाला तर जबरदस्त. खुनासारख्या गोष्टीवर काढलेल्या चित्रपटाची याहून हलकी परीक्षा मला माहीत नाही. एका माणसाने दुसऱ्याचा जीव घेतला आणि आपण बाहेर आलो ते कोडं सुटलं की चुकलं एवढंच हातात घेऊन.

समीक्षकांनी तर स्वतःच्या तोंडाला कुलूप लावून घेतलं आहे. चित्रपटाचा सगळा अर्थ ज्या कृत्यात आहे, नेमकं त्याच कृत्याबद्दल बोलायचं नाही असा दंडक आता सर्वमान्य झाला आहे. एका दैनिकासाठी मी परीक्षणं लिहीत होतो, तेव्हा खुन्याने खून का केला याबद्दलचा मजकूर हमखास कापला जायचा. वाचक रागावतील, असं कारण मिळायचं. मग छापून यायचं काय, तर छायाचित्रण देखणं आहे, पार्श्वसंगीत प्रभावी आहे, अमक्याने भूमिकेत जीव ओतला आहे. खुनाच्या चित्रपटावर लिहायचं आणि खुनाबद्दल लिहायचं नाही! याला परीक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझा राग नुसत्या धक्क्यावर नाही. धक्का देण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, तिच्यावर आहे. गुन्हेगार शेवटपर्यंत लपवायचा असं एकदा ठरलं, की त्या माणसाकडे कॅमेऱ्याला बघताच येत नाही. तो एकटा असताना दाखवता येत नाही. खून करून आल्यावर त्याला जेवण गेलं का, रात्री झोप लागली का, दाराची कडी वाजली तेव्हा त्याच्या पोटात काय झालं, मेलेल्या माणसाच्या बायकोचं सांत्वन करायला तो गेला तेव्हा त्याने हात कुठे ठेवले, यातलं काहीच दाखवता येत नाही. दाखवलं की बिंग फुटलं. म्हणजे ज्या एका माणसाच्या आत सगळ्यात जास्त घडतं आहे, त्यालाच दिग्दर्शक कोऱ्या चेहऱ्याने कोपऱ्यात उभा करतो आणि आपल्याला भलत्याच चार जणांमागे पळवतो. गुन्हेगार लपवायचा म्हणजे माणूसच लपवायचा. मग जो चित्रपट उरतो त्यात प्रेत असतं, पोलीस असतात, पाऊस असतो, फक्त गुन्हा नसतो.

१९९७चा ‘गुप्त’ घ्या. राजीव राय यांचा हा चित्रपट तुफान चालला, काजोलला त्यासाठी खलभूमिकेचं फिल्मफेअर मिळालं आणि हा पुरस्कार घेणारी ती पहिली स्त्री ठरली. तिच्या ईशाने साहिलसाठी, म्हणजे बॉबी देओलसाठी माणसं मारली आहेत. आपलं ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं लग्न दुसरीशी ठरतं आहे हे दिसताच ही मुलगी त्याच्या सावत्र बापाचा जीव घेते. खुनाचा आळ त्याच प्रियकरावर येतो, तो तुरुंगात जातो, आणि ती? ज्याला मिळवण्यासाठी हे केलं त्याच्याच गळ्याला आपण फास लावला, हे तिला पदोपदी कळत असणार. त्याच्यासमोर जाताना, त्याचा हात हातात घेताना, तो पळत असताना त्याला साथ देताना काय होत असेल तिच्या मनाचं? हिंदी चित्रपटात स्त्रीच्या वाट्याला इतकी भयंकर आणि इतकी श्रीमंत भूमिका क्वचित येते. आणि चित्रपट काय करतो? तिला गाणी गायला लावतो, हसायला लावतो आणि आपली नजर शक्य तितक्या संशयितांवर फिरवत ठेवतो. सत्य बाहेर येतं तेव्हा तिच्या वाट्याला मोठे डोळे, चाकू आणि काही मिनिटांचा आरडाओरडा उरतो. काजोलने त्या काही मिनिटांत जे केलं ते पाहून मला तेव्हाही वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. या अभिनेत्रीच्या हातात एक संपूर्ण चित्रपट होता. एका धक्क्यासाठी तो तिच्याकडून काढून घेतला.

आता लपवूनही भागत नाही म्हटल्यावर पुढची पायरी येते. निवेदकालाच खोटं बोलायला लावायचं. या प्रकाराचं दैवत म्हणजे १९९५चा ‘द यूज्वल सस्पेक्ट्स’. दिग्दर्शक ब्रायन सिंगर, लेखक ख्रिस्टोफर मॅक्वारी. पटकथेला ऑस्कर मिळालं, केव्हिन स्पेसीला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, आणि तेव्हापासून पटकथा शिकवणारे आणि शिकणारे दोघेही या चित्रपटाला हात जोडून उभे आहेत. आपल्याकडे २००५ साली ‘चॉकलेट’ नावाने त्याची नक्कलही झाली.

गोष्ट अशी. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो बंदरात एका जहाजावर हत्याकांड होतं, जहाज पेटतं, सत्तावीस माणसं मरतात. व्हर्बल किंट नावाचा किरकोळ, अपंग भुरटा त्यातून वाचतो आणि कस्टम्सचा अधिकारी कुयान त्याला एका दुसऱ्याच पोलिसाच्या पसाऱ्याने भरलेल्या खोलीत बसवून बोलतं करतो. किंट सांगतो आणि आपण बघतो. पाच गुन्हेगार एका ओळखपरेडीत भेटतात, एकत्र कामं करतात, कैझर सोझे नावाच्या दहशतीच्या जाळ्यात ओढले जातात. या पाचांत कीटन नावाचा एक माजी पोलीस आहे. भ्रष्ट होता, तुरुंगात जाऊन आला, आता वकील प्रेयसीच्या आधाराने हॉटेल काढून सरळ जगू पाहतो आहे. भर जेवणावरून त्याला उचलून परेडीत उभं करतात आणि तो पुन्हा त्याच गर्तेत घसरत जातो. गॅब्रिएल बर्नने हा माणूस इतका थकलेला, इतका अपमान गिळलेला उभा केला आहे की चित्रपट खरं तर त्याचा व्हावा.

मग शेवट येतो. किंट जबाब देऊन निघून जातो. कुयान खोलीतल्या फलकाकडे नुसता बघत बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की किंटने सांगितलेली नावं, गावं, तपशील त्याच फलकावरच्या कागदांवरून उचललेले आहेत. फलक बनवणाऱ्या कंपनीचं नाव, तिचं गाव, एका कागदावरचं रेडफूट हे नाव. हातातला कॉफीचा कप खाली पडून फुटतो आणि त्याच्या तळावर कोबायाशी लिहिलेलं असतं. किंटच्या कहाणीतल्या वकिलाचं नाव कोबायाशी. बाहेर रस्त्यावर किंटचा लंगडा पाय सरळ पडू लागतो. चाल सुधारते, तो सिगारेट पेटवतो, गाडीत बसतो. संपलं.

हा प्रसंग हुशारीने कापला आहे, यात वाद नाही. जॉन ऑटमन हा त्याचा संकलक आणि तोच संगीतकारही, त्यामुळे दृश्य आणि सूर एकमेकांत चपखल बसतात. पण टाळ्या वाजवून झाल्यावर हिशेब मांडा. कीटनचं काय झालं? हॉटेल, प्रेयसी, अपमान, पुन्हा घसरणं, यातलं किती खरं होतं? कळायला मार्ग नाही. आपण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला तो माणूस एका लबाडाने फलकावरचे कागद वाचत वाचत रचलेला असू शकतो. सोझेबद्दल तरी काही कळलं का? त्याने स्वतःच्या कुटुंबाला मारल्याची जी दंतकथा ऐकली तीही किंटच्याच तोंडून. म्हणजे कीटन गेला, सोझे आलाच नाही, आणि ज्या किंटला आपण पावणेदोन तास ओळखत होतो तोही नव्हताच. जळालेल्या जहाजावरच्या सत्तावीस प्रेतांची तर कुणाला आठवणही नाही. आपल्या तोंडाला पानं पुसली गेली आणि आपण त्यालाच पंगत समजलो.

कुयानलाही धक्का बसतोच की, असं कुणी म्हणेल. बसतो. पण तो धक्का घेऊन त्याला एक दिवससुद्धा जगावं लागत नाही. कप फुटतो आणि चित्रपट पळ काढतो. एखाद्या माणसाच्या आयुष्यात सत्य येऊन आदळलं, तर खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. या जातीचे चित्रपट नेमके तिथेच पडदा पाडतात, कारण पुढचं त्यांना लिहिता येत नाही.

निवेदक खोटं बोलूच नये, असा माझा हट्ट नाही. अगाथा ख्रिस्तीने १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरलाच खुनी ठरवलं. पण तो डॉक्टर एकही खोटं वाक्य लिहीत नाही. तो मधली मिनिटं गाळतो. पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं की त्या गाळलेल्या जागा दिसतात आणि एका भेदरलेल्या, आत्मसंतुष्ट, भित्र्या माणसाचं चित्र पूर्ण होतं. दुसरं वाचन पहिल्याहून समृद्ध होतं, ही त्या कारागिरीची पावती. कुरोसावाच्या ‘राशोमोन’मध्ये तर सगळेच आपापली कहाणी सांगतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पण पडक्या वेशीत पावसापासून आडोशाला बसलेला लाकूडतोड्या आपल्याला आरंभीच सांगतो की हे त्याच्या समजुतीपलीकडचं आहे. न्याय करायला आपल्याला बोलावलेलं असतं. त्याच वर्षी, १९५० साली, हिचकॉकने ‘स्टेज फ्राइट’मध्ये आरोपीच्या तोंडची खोटी कहाणी खऱ्या घटनेसारखी पडद्यावर दाखवली. प्रेक्षक चिडले आणि तो फ्लॅशबॅक करायला नको होता असं हिचकॉकने पुढे त्रुफोजवळ मान्य केलं. जी गोष्ट त्या उस्तादाने चूक म्हणून बाजूला ठेवली, तिचंच पुढच्यांनी देऊळ बांधलं.

आता दुसरी बाजू बघा. १९४४चा ‘डबल इन्डेम्निटी’, दिग्दर्शक बिली वाइल्डर, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांची, मूळ गोष्ट जेम्स केनची. पहिल्या काही मिनिटांतच विमा एजंट वॉल्टर नेफ रात्री लॉस एंजेलिसमधल्या आपल्या कचेरीत धडपडत येतो, खांद्यात गोळी आहे, डिक्टाफोनसमोर बसतो आणि सांगून टाकतो की खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी केला, आणि दोन्ही मिळालं नाही. घ्या. खुनी कोण, हेतू काय, शेवट काय, सगळं सांगून झालं. आणि यानंतरचे जवळपास पावणेदोन तास तुम्ही जागचे हलत नाही.

का हलत नाही ते दोन प्रसंगांत सांगतो. त्या बाईच्या नवऱ्याचा खून गाडीत होतो. नेफ मागे लपलेला आहे, बायको फिलिस गाडी चालवते आहे, नवरा शेजारी बसला आहे. ठरलेल्या खुणेसरशी नेफ त्याचा गळा आवळतो. कॅमेरा खुनाकडे बघतच नाही. तो बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावर थांबतो. शेजारी नवरा मरतो आहे आणि ती समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवते आहे. त्या चेहऱ्यावर जे काही हलकंसं उमटतं, ते पाहायला मिळालं याचं कारण एकच, की वाइल्डरला काही लपवायचं नव्हतं. खुनी बाई कोण हे गुपित ठेवायचं असतं, तर हाच चेहरा त्याला अंधारात ठेवावा लागला असता.

मग ते प्रेत रेल्वेच्या रुळांवर टाकतात, पळत गाडीत येऊन बसतात, आणि गाडी सुरू होत नाही. फिलिस किल्ली फिरवते, इंजिन घरघरतं आणि गप्प होतं. पुन्हा फिरवते, पुन्हा गप्प. दोघं एकमेकांकडे बघतात. आणि आपण, सभ्य, कायदा पाळणारी माणसं, मनातल्या मनात त्या दोन खुन्यांची गाडी सुरू व्हावी म्हणून देवाला हाक मारत असतो. शेवटी नेफ हात पुढे करून किल्ली फिरवतो आणि इंजिन धरतं, तेव्हा आपला श्वास सुटतो. आपल्या आत काय दडलंय ते त्या क्षणी आपल्याला कळतं. जगातल्या कुठल्याही ट्विस्टने मला एवढं हादरवलेलं नाही.

याच चित्रपटात नेफचा वरिष्ठ कीज आहे, एडवर्ड रॉबिन्सनने केलेला. त्याच्याकडे कधी काडी नसते, त्याचा चिरूट दर वेळी नेफ पेटवून देतो. शेवटी रक्त गेलेला नेफ दाराशी कोसळतो, त्याला सिगारेट पेटवणं जमत नाही, तेव्हा कीज वाकून काडी पेटवतो. ज्याने आयुष्यभर लबाड पकडले, त्याला आपल्याच जवळच्या माणसाची लबाडी दिसली नव्हती. या शेवटात अनपेक्षित असं काही नाही. नेफला गॅस चेंबरमध्ये मारतानाचा प्रसंग वाइल्डरने चित्रित केला होता, तोही त्याने वगळला. काडीनंतर काही उरलंच नव्हतं.

रहस्य हातात असताना ते मध्येच फोडून टाकायला किती धैर्य लागतं, ते १९५८च्या ‘व्हर्टिगो’त दिसतं. मूळ फ्रेंच कादंबरीत गुपित शेवटपर्यंत राखलेलं आहे. हिचकॉकने मात्र चित्रपट संपायला बराच अवकाश असताना जूडीला पत्र लिहायला बसवलं आणि प्रेक्षकाला सत्य सांगून टाकलं. मेलेली मॅडलीन आणि ही जूडी एकच आहे. तिच्यासाठी वेडा झालेल्या नायकाला, स्कॉटीला, ते माहीत नाही. तिथून पुढे तो तिला मॅडलीनसारखे कपडे घालायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो, अंबाडा तसाच बांधायला लावतो, आणि ती प्रेमापोटी आपल्याच विनाशाकडे पाऊल पाऊल चालत जाते. गुपित शेवटी फुटलं असतं तर हे सगळं आपण एका वेड्या पुरुषाचा हट्ट म्हणून बघितलं असतं. आता आपण तिचाही छळ बघतो. तो अंबाडा बांधून ती हिरव्या उजेडातून पुढे येते, तेव्हा आपल्याला दोघांचीही कीव येते.

मराठी प्रेक्षकाला हे शिकवायची मुळीच गरज नव्हती. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं. न्यायालय, आरोपी, साक्षीदार, सगळा मामला गुन्ह्याचा. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हाच सगळ्यांना फसवणारा भामटा आहे, हे पडदा वर जाताच प्रेक्षकाला कळलेलं असतं. तरी प्रभाकर पणशीकरांनी त्याचे हजारो प्रयोग केले. लोक दुसऱ्यांदा, पाचव्यांदा आले. संवाद पाठ असलेली माणसं आली. ती काय शेवट बघायला येत होती? एक माणूस किती सहजपणे, किती गोडव्याने, देवाधर्माचं नाव घेत बायाबापड्यांची आयुष्यं नासवू शकतो, आणि तोंडावर पुरावा फेकला तरी डोळ्याची पापणी न लववता ‘नव्हेच’ म्हणू शकतो, हे बघायला येत होती. बाबूराव अर्नाळकरांचे वाचकही झुंजार जिंकणार हे माहीत असूनच पुस्तक उघडत होते.

आणि धक्काच द्यायचा असेल तर तो गोष्टीतल्या माणसाला बसू द्या. राजा परांजप्यांच्या १९६४च्या ‘पाठलाग’मध्ये, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट, वकील नवऱ्यासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली बाई म्हणते की मी तुझी बायको आहे. त्याच्या लेखी बायको मेलेली आहे. जुळ्या बहिणीचं रहस्य अखेर उलगडतं खरं, पण तोवर सगळा भार त्या नवऱ्याच्या मनावर आहे. तिच्या प्रत्येक उत्तरागणिक त्याला विश्वास ठेवायचा मोह होतो आणि तो स्वतःला आवरतो. जे आपल्याला माहीत नाही ते त्यालाही माहीत नाही. आपल्याशी लपाछपी कुणी खेळत नाही. राज खोसलांनी याचाच ‘मेरा साया’ केला, तोही याच जोरावर टिकला.

आपल्या काळातलं उदाहरण म्हणून लोक मला ‘दृश्यम’ ऐकवतात. जितू जोसेफचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा, आणि निशिकांत कामत या आपल्या मराठी दिग्दर्शकाने २०१५ साली तो हिंदीत, गोव्यात आणला. शेवटी केवढा ट्विस्ट आहे, म्हणतात. अहो, त्या चित्रपटाने काय लपवलं आहे ते नीट बघा. मारलं कुणी ते आपल्याला दिसतं, का मारलं ते दिसतं, पुरलं ते दिसतं. चौथीत शाळा सोडलेला केबलवाला विजय साळगावकर आपल्या बायकोमुलींसाठी २ ऑक्टोबरचा खोटा दिवस लोकांच्या आठवणीत कसा पेरतो, पणजीचा सत्संग, हॉटेल, सिनेमा, बसचं तिकीट, तेही शेवटाच्या बरंच आधी उलगडतं. लपवली आहे ती फक्त एक जागा. प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली आहे, आणि ते ठाणं बांधलं जात असताना आपण पाहत होतो. हा शेवट कळल्यावर आधीचं एकही दृश्य खोटं पडत नाही. धाकट्या मुलीला मारहाण होते तेव्हाचं जीव घुसमटणं तितकंच खरं राहतं, आणि तब्बूने उभी केलेली ती अधिकारी आई, जिच्या मुलाचं प्रेतही तिला मिळत नाही, तिचं दुःख तर दुप्पट होतं. ‘दृश्यम’ ट्विस्टवर चालला असं म्हणणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नाही.

श्रीराम राघवन यांनी तर या बाबतीत सरळ भूमिकाच घेतली आहे. ‘जॉनी गद्दार’मध्ये गद्दार कोण हे प्रेक्षकाला माहीत असतं, ते त्याच्या साथीदारांना माहीत नसतं. पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) आंधळेपणाचं सोंग घेतलेला पियानोवादक पियानोसमोर बसून वाजवतो आहे, त्याच्या डोळ्यांदेखत जमिनीवर प्रेत पडलं आहे, खून करणारी दोघं त्याच्यासमोर बिनआवाजाची हालचाल करत ते प्रेत सूटकेसमध्ये भरताहेत, आणि त्याला सूर चुकू द्यायचा नाही. त्याला दिसतं हे आपल्याला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. एवढ्या एका माहितीवर अख्खा प्रसंग तोललेला आहे. शेवटी हा माणूस आपल्या जुन्या प्रेयसीला, सोफीला, एक कहाणी सांगतो, मग काठीने रस्त्यातला डबा उडवतो आणि आपल्याला कळतं की याने पुन्हा खोटं सांगितलं. पण तो खोटारडा आहे हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं, आपण त्याच्या खोट्यात भागीदार होतो. खोटं तो बोलला, चित्रपट बोलला नाही. ज्याने सोंग कलेसाठी घेतलं होतं त्याच्या हाडीमाशी ते आता खिळलं, हे त्या उडालेल्या डब्यात दिसतं. किंटच्या सुधारलेल्या चालीत मला असं काहीच दिसत नाही.

मग एवढी उदाहरणं डोळ्यांसमोर असताना आपल्याकडे धक्क्याचाच धंदा का चालतो? या व्यवसायात वावरणाऱ्या सगळ्यांना कारण माहीत आहे. मुंबईत चित्रपट आधी ऐकला जातो. लेखक निर्मात्यासमोर किंवा नटासमोर बसून दोन-दोन तास नरेशन देतो. मध्येच फोन वाजतात, चहा येतो, कुणी आत येऊन सही घेऊन जातं. अशा खोलीत एखाद्या माणसाची हळूहळू होणारी पडझड सांगितली तर ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे जाते. पण ‘आणि सर, खुनी तोच असतो’ म्हटलं की तो खुर्चीत सरळ बसतो. कामं अशी मिळतात. म्हणून तरुण लेखक आधी ते एक वाक्य शोधतो, मग त्याच्यामागे दोन तास जोडतो. मधल्या भरावासाठी संशयास्पद शेजारी, उगाच रागावणारा भाऊ, मध्यरात्री फोन करणारा नोकर. यांपैकी एकाही माणसाला स्वतःचं आयुष्य नसतं, त्यांचं काम फक्त आपल्याला चुकवणं. ओटीटीवर तर हा भराव आठ भागांपर्यंत ताणला जातो.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो मेलेल्या माणसावर. धक्क्याच्या चित्रपटात त्याला नाव असतं, फोटो असतो, पंचनामा असतो, पण तो गेल्यावर कुणाच्या आयुष्यात किती मोठं भगदाड पडलं हे दाखवायला वेळ नसतो. सगळा वेळ चुकवाचुकवीत गेलेला असतो. पुणेकरांनी शहात्तर-सत्याहत्तरचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड जगलेलं आहे. संध्याकाळ झाली की दारं लागत होती, रस्ते ओस पडत होते. त्या प्रकरणात खुनी कोण हे कळल्यानंतरच लोकांना खरा हादरा बसला, कारण ते कॉलेजात जाणारे, आपल्यासारख्याच घरांतले तरुण निघाले. मग शहराने वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला, की ही मुलं अशी कशी झाली? नाव कळल्यावरही जो प्रश्न उरतो तो गुन्ह्याचा खरा प्रश्न, आणि आपले चित्रपट नाव सांगून झालं की दिवे लावतात.

गुन्हेपट लिहिणाऱ्या तरुणांना माझं एकच सांगणं आहे. पटकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहा. मग पुढची पानं तुमच्या एखाद्या परखड मित्राला वाचायला द्या. तो शेवटपर्यंत वाचत गेला तरच ती पटकथा घेऊन निर्मात्याकडे जा. मध्येच त्याने ठेवून दिली, तर ट्विस्ट घालून ती वाचवायचा प्रयत्न करू नका, नवी लिहा.